आग्रहाचे चूर्ण

सुरतेतले लोक एक म्हण फार अभिमानाने सांगतात : ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण.’ जेवावे ते सुरतेत आणि मरावे ते काशीत. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. मला मात्र त्या म्हणीतल्या मधल्या रिकाम्या जागेचे नेहमी कुतूहल वाटत आले आहे. जेवण सुरतेत झाले, मरण काशीत ठरले, पण या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो त्याचे काय करायचे? नशीब बरे असेल तर तो काळ चांगला सत्तर-ऐंशी वर्षांचा असतो, आणि म्हणकर्त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. रेल्वेने मात्र विचार केलेला दिसतो. सुरतेहून छपऱ्याकडे जाणारी ताप्ती-गंगा एक्स्प्रेस सुरतचे जमण पोटात घेऊन निघते, नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत खानदेश ओलांडते आणि यथावकाश काशीला टेकते. या मार्गावरच्या गाड्यांत अधूनमधून एखादा फेरीवाला चढतो. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत अनारदाण्याच्या गोळ्या असतात, बामच्या डब्या असतात, आणि तोंडात अशी काही वाणी असते की मघापर्यंत ठणठणीत असलेल्या माणसालाही आपले पोट जरा जडच आहे असे वाटू लागते. तेव्हा उलगडा होतो. म्हणीतली रिकामी जागा याच लोकांनी भरून काढली आहे. जमण आणि मरण यांच्या मध्ये चूर्ण असते.

जगातली बहुतेक दुखणी ‘आजार’ या पदवीपर्यंत पोचतच नाहीत. पोट गच्च होते, छातीत जळजळते, एखादा ढेकर घशापर्यंत येतो आणि मत बदलून परत जातो. कपाळाची एकच बाजू उगीच ठणकते. तोंडाची चव जाते आणि तिच्या मागोमाग बोलण्यातली गोडीही जाते. यातल्या कशाने माणूस मरत नाही, आणि यातले काहीही चालू असताना तो नीट जगतही नाही. डॉक्टरकडे जावे तर ‘काय होतंय?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आपलीच आपल्याला लाज वाटते; न जावे तर रात्रभर छताच्या पंख्याशी मूक संवाद करावा लागतो. प्रकृती आणि विकृती या दोन बलाढ्य राज्यांच्या हद्दीवरचा हा एक चिमुकला मुलूख आहे. त्याला ना राजा ना सैन्य. गेली दीड-दोनशे वर्षे त्याचा कारभार बाटल्या, पुड्या आणि डब्या पाहत आहेत, आणि प्रजा एकंदरीत सुखी आहे.

या मुलुखाची वाट मला माझ्या मावशीने दाखवली. सुरतेच्या उधना भागात खानदेशी कुटुंबे पुष्कळ, त्यांतले तिचे एक. काका अमळनेरकडून लूमच्या कामाला म्हणून आले आणि तापीच्या काठाने वाढलेला माणूस तापीच्या मुखाशी स्थिरावला. मावसभावंडे महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली; गल्लीत गुजराती, शाळेत मराठी आणि रागावल्यावर अहिराणी, अशी त्यांची भाषेची वाटणी होती. सुट्टी लागली की आम्ही भुसावळ-सुरत पॅसेंजरने निघायचो. वाटेत नवापूर लागे. या स्टेशनाची एक गंमत आहे : ते अर्धे महाराष्ट्रात आहे आणि अर्धे गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या बरोबर मधून दोन राज्यांची हद्द जाते. त्या बाकावर शिदोरी सोडली तर घास महाराष्ट्रात घेऊन ढेकर गुजरातेत देता येईल, असे काका दरवेळी सांगायचे आणि दरवेळी स्वतःच हसायचे. आज वाटते, त्या विनोदात भूगोलापेक्षा भविष्य अधिक होते. पुढचे सगळे दिवस आम्ही गुजरातेत तेच करणार होतो.

मावशीच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या मधल्या खणात, पत्र्याचा एक जुना बिस्किटांचा डबा असे. देशाची एकात्मता म्हणतात ती मी प्रथम त्या डब्यात पाहिली. भावनगरचे कायम चूर्ण, सिद्धपूरचे सत इसबगोल, पनवेलच्या धूतपापेश्वराची काढ्याची बाटली, मुंबईचे झंडू, मद्रासचे अमृतांजन, कलकत्त्यात जन्मलेल्या डाबरचे पुदिन हरा, आणि आम्हा मुलांच्या लहानपणाची आठवण म्हणून, आतून वाळून गेलेली डोंगरे बालामृताची बाटली. त्या बाटलीचा उपयोग काहीच नव्हता. पण ती टाकायची म्हटले की मावशी अशी बघायची की जणू आम्ही तिला कुणा वृद्ध नातेवाइकाला घराबाहेर काढायला सांगतो आहोत. प्रत्येक औषधाचा तिने परस्पर स्वभाव ठरवून टाकला होता. पुदिन हरा तापट, दोन थेंबांत काम उरकणारे. चूर्ण कडक शिस्तीचे; पहाटे उठवणारच. इसबगोल मात्र तिच्या मते फार सज्जन. त्यात ना तिखटपणा ना कडूपणा. ते नुसते पाणी पिते, फुगते आणि वाटेतल्या सगळ्यांना समजुतीने सोबत घेऊन जाते. हे मावशीचे निदान शास्त्राला धरूनच होते. इसबगोलाच्या भुशीत औषधी तीव्रता म्हणावी अशी काही नसतेच. पाणी शोषून फुगणे हाच तिचा सारा पराक्रम. उत्तर गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून ती जगभर जाते. अमेरिकेत १९३४पासून याच जातीची भुशी ‘मेटाम्युसिल’ या नावाने डब्यांतून विकली जाते. तिथल्या आजोबांनाही रात्री झोपण्यापूर्वी ग्लासात चमचा ढवळताना तेच चिंतन लाभत असणार.

डब्यातल्या पिवळ्या अमृतांजनाची कथा तर मला कादंबरीच्या तोडीची वाटते. आंध्रातून आलेल्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत हा बाम सुरू केला. लोकांची कपाळे दुखत राहिली आणि धंदा वाढत गेला. त्या पैशांतून या गृहस्थाने काय करावे? १९०८ साली, मुंबईतच, ‘आंध्र पत्रिका’ नावाचे तेलुगू वृत्तपत्र काढले. पुढे ते मद्रासला गेले, स्वातंत्र्यलढ्यात गाजले, आणि बामचा कारखानाही मद्रासला गेला. डोकेदुखी घालवून मिळालेला पैसा वर्तमानपत्रात घालणारा हा पहिलाच माणूस असावा. वर्तमानपत्र वाचून ज्यांचे डोके दुखेल त्यांचीही सोय त्याच घरात होती. याच मुंबईत १९१०मध्ये जामनगरच्या झंडू भट्टजींच्या नातवाने आजोबांच्या नावाने औषधांचा कारखाना काढला. पनवेलचे धूतपापेश्वर तर १८७२पासूनचे. तेव्हा मावशीच्या डब्यात नुसती औषधे नव्हती. आजोबा होते, देशभक्त होते, संपादक होते. झाकण उघडले की सगळ्यांचा मिळून एक वास येई. कापूर, पुदिना, हिंग आणि ओवा यांचा तो वास आजही कुठे आला की माझे पोट दुखायचे असेल तर आपोआप थांबते.

पण हा डबा उघडण्यापूर्वी एक विधी असे, आणि तो ताटावर पार पडे. खानदेशी माणसाचा आग्रह हा मूळचाच दांडगा. त्याला सुरतेचे पाणी लागले की विचारूच नये. सकाळी लोचो, वर शेव, कांदा आणि तेलाची धार. दुपारी मावशीची शेवभाजी. थंडीत तापीच्या काठचा कोवळा पोंक, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. संक्रांतीला शेजारच्या बांकडून आलेले उंधियू, ज्यात तेल इतके की भाज्यांना पोहता येत असल्यासच त्या वर राहतात. आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदी पडव्याला, घारी : मावा आणि पिस्ते पोटात घेतलेली, तुपात तळलेली आणि एवढ्याने भागले नाही म्हणून पुन्हा थिजल्या तुपात न्हालेली. सत्तावनच्या बंडात तात्या टोप्यांच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून ती प्रथम केली, अशी आख्यायिका सुरतेत सांगतात. खरे असेल तर बंडाच्या अपयशाची मीमांसा इतिहासकारांनी पुन्हा एकदा तपासायला हरकत नाही. दोन घारी खाल्ल्यावर मला तरी कधी घोड्यावर बसावेसे वाटलेले नाही. मी ‘पुरे’ म्हणून हात आडवा केला की मावशी तो हात हळूच बाजूला सारायची आणि तिच्या ठेवणीतले वाक्य काढायची : “खाय रे, चूर्ण शे ना!”

खा रे, चूर्ण आहे ना. या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. यात एकाच वेळी अपराधाला प्रोत्साहन आहे आणि जामिनाची हमी आहे. एकाच व्यक्तीने आधी आपल्याला खड्ड्याच्या काठापर्यंत प्रेमाने न्यावे आणि मग तितक्याच प्रेमाने दोरी सोडावी, असा हा प्रकार. शेजारच्या बा तर त्याही पुढच्या. त्या उंधियूचे भांडे देतानाच पदराच्या गाठीतून हरड्याची पूड काढून द्यायच्या. रोग आणि उतारा एकाच थाळीत, एकाच हाताने. दिवाणखान्यात आम्ही सगळे पोटावर हात ठेवून भिंतीला टेकलेलो असू, आणि मावशी एकेकाच्या तळहातावर चिमूट चिमूट चूर्ण ठेवत फिरे. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते जेवण वाढतानाही दिसत नसे. कुणी किती खाल्ले याचा हिशेब तिच्या बोटांत असायचा. ज्याने जास्त खाल्ले त्याची चिमूट मोठी. या औषधाला चिठ्ठी लागत नव्हती, कारण डॉक्टरीण पंगतीत हजर होती.

सुरतेचा आणि पोटाच्या औषधांचा संबंध मावशीच्या डब्याहून बराच जुना आहे. १६३८ साली योहान आल्ब्रेख्ट फॉन मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेच्या बंदरात उतरला आणि इंग्रजांच्या वखारीत पाहुणा म्हणून राहिला. तिथल्या रोजच्या बैठकीत त्याला एक पेय मिळे. त्याने नोंदवून ठेवले आहे की इथले लोक आणि इंग्रज-डच व्यापारीही ते पोट साफ करणारे, नको ते द्रव पचवणारे औषध म्हणून घेतात. ते पेय म्हणजे चहा. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री सुरतेत आला. त्याने लिहिले की डचांची चहाची किटली चुलीवरून क्वचितच उतरते, आणि पाण्यात गरम मसाला उकळून केलेला चहा डोकेदुखीवर, मुतखड्यावर आणि पोटातल्या मुरड्यावर गुणकारी समजतात. कुणी त्यात खडीसाखर घालतात, शौकीन मंडळी मुरवलेले लिंबू. म्हणजे आज ज्याला आपण मसाला चहा म्हणतो तो साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरतेत पाचक काढा होता. आता पाहा काळाची करणी. आज सकाळी उपाशीपोटी तीन कप चहा पिऊन ज्याला ॲसिडिटी होते त्याला डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती चहा सोडण्याची. औषधाला लोकांनी एवढा जीव लावला की ते बिचारे बिघडून दुखण्यात सामील झाले.

त्याच सतराव्या शतकात खाली गोव्यात जेझुइट पाद्र्यांच्या मठात याहून अद्भुत वस्तू तयार होत होती. गास्पार आन्तोनियु नावाचा, मूळचा फ्लॉरेन्सचा, एक धर्मबंधू ‘गोवा स्टोन’ नावाचे गोळे बनवायचा. त्यात बेझोअर, कस्तुरी, अंबर, मोती, पोवळी आणि रत्नांची पूड घालून वर सोन्याचा वर्ख चढवत. चाकूने थोडेसे खरवडून पेयात मिसळायचे आणि प्यायचे. विषापासून तापापर्यंत सगळ्यावर इलाज. श्रीमंत युरोपियनांनी या गोळ्यांसाठी सोन्याच्या जाळीदार डब्या घडवून घेतल्या. त्यांतली एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आजही आहे. मला सगळ्यात मौज वाटते ती बेझोअरची. बेझोअर म्हणजे रानबकऱ्याच्या पोटात न पचलेल्या गोष्टी वर्षानुवर्षे एकत्र येऊन झालेला खडा. एका जिवाचे अजीर्ण दुसऱ्या जिवाने सोन्याच्या डबीत घालून औषध म्हणून विकत घ्यावे! त्या बकऱ्याला हे कळले असते तर त्याला किमान आपल्या पोटदुखीचे चीज झाल्यासारखे वाटले असते. मावशीच्या चूर्णाची पुडी काही रुपयांना मिळे. पण श्रद्धा मोजायचे माप असते तर सोन्याची डबी आणि पत्र्याचा डबा यांच्यात फार फरक निघाला नसता.

औषधाचे खाणे होणे आणि खाण्याचे औषध होणे, ही ये-जा सुरतेत कधी थांबलेलीच नाही. तिचा सध्याचा नायक ईनो. न्यूकॅसल या इंग्लंडमधल्या बंदरगावातल्या जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपले ‘फ्रूट सॉल्ट’ काढले आणि ते जहाजांवरून जगभर पसरले. त्यात मुख्य गोष्टी दोनच : खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. कोरडी असेपर्यंत ही दोघे शेजारी शेजारी गप्प असतात. पाण्याचा थेंब पडला की फसफसून उठतात. भारतात त्याच्या पाकिटावर आज चक्क ‘आयुर्वेदिक’ म्हणून नोंद असते; न्यूकॅसलहून निघालेला हा दर्यावर्दी इथे येऊन वैद्यांच्या पंगतीत बसला. पण त्याला खरा मोक्ष दिला तो गुजराती गृहिणीने. तिने विचार केला, जो वायू पोटात जाऊन ढेकर होतो तोच पिठात सोडला तर? आणि आंबवायला वेळ नसेल तेव्हा तिने डाळीच्या पिठात ईनोची पुडी रिकामी केली. खमण असे काही फुगले की ईनोलाही आपल्या पूर्वायुष्याचा पश्चात्ताप झाला असेल. आता सुरतेत वाण्याकडे ईनो मागितले तर तो आधी विचारतो, ‘खमण माटे?’ लिंबाच्या स्वादाचे पोटासाठी, साधे खमणासाठी. तेव्हा खमणाच्या जाळीतले प्रत्येक छिद्र म्हणजे कुणाचा तरी न आलेला ढेकर आहे, असे मी समजतो. आणि असे खमण चार तुकडे जास्त झाले की पुन्हा ईनोच घ्यायचे. आधी पुडी पिठात, मग पुडी पोटात; वर्तुळ इतके सुबक की त्यात शिरलेल्या माणसाला बाहेर पडायची इच्छाही होत नाही.

या राज्यातले कायदेसुद्धा या मुलुखाशी जरा नरमाईने वागतात. सुरत मुंबई राज्यात होती तेव्हाची ही गोष्ट. १९४९चा दारूबंदी कायदा आला तो मोरारजीभाई देसाई गृहमंत्री असताना, आणि मोरारजीभाई म्हणजे वलसाडजवळच्या भदेलीचे, या भागाचेच. (औषधोपचाराबाबत त्यांची स्वतःची मते किती स्वतंत्र होती, हे देशाला पुढे कळले आणि देशाने ते जपून ऐकून घेतले.) कायद्यात मद्यार्काचा अंश असलेले सारेच अडकले, त्यात औषधे आली, कोलोनवॉटर आले. तेव्हा एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने न्यायालयात दाद मागितली. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य, पण मद्यार्क असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर तिचा अंमल चालणार नाही. आसवे-अरिष्टे सुटली. वुडवर्डचे ग्राइप वॉटर त्याच जातीतले. विल्यम वुडवर्डने ते १८५१मध्ये नॉटिंगहॅमला काढले तेव्हा त्याच्या मूळ कृतीत शेपेचे तेल आणि सोडा यांबरोबर थोडा मद्यार्कही होता. पाळण्यातले बाळ का शांत झोपते आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दैवी स्मित कुठून येते, याची निदान त्या काळापुरती तरी एक साधी उपपत्ती यातून मिळते. कोरड्या राज्यात तेवढा एकच वर्ग होता ज्याला कुणी परवाना विचारत नसे.

यावर कुणी शहाणा माणूस विचारील की या बाटल्यांत नेमके असते काय? हा प्रश्न इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या संघटनेलाही पडला होता. १९०९मध्ये तिने ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचे पुस्तक काढून अशा पुष्कळ औषधांचे पृथक्करणच छापले. घरोघर पूजनीय असलेल्या बीचमच्या गोळ्यांत निघाले ते कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण; अख्ख्या डबीतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग. पुस्तक भरपूर खपले आणि गोळ्याही खपत राहिल्या. आपल्याकडे १९५४मध्ये जादूई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. त्याला जोडलेल्या यादीत ५४ दुखणी आहेत, ज्यांवर हमखास इलाजाची जाहिरात करता येत नाही : कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, क्षय, लठ्ठपणा, अगदी माणसाची उंचीसुद्धा. मी ती यादी बारकाईने वाचली. तिच्यात पोट गच्च होणे नाही, छातीतली जळजळ नाही, अडकलेला ढेकर नाही. कायदेमंडळानेही तो चिमुकला मुलूख सोडून दिला होता. मला यात दुर्लक्ष दिसत नाही, समंजसपणा दिसतो. शेवटी खासदारांनाही जेवणे होतीच.

त्याच यादीत एक शब्द आहे, प्लेग. १९९४च्या सप्टेंबरात तो शब्द सुरतेत अवतरला. लाखो माणसांनी शहर सोडले. खानदेशाकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिसेनाशा झाल्या. मावशी आणि काका आमच्याकडे आले ते तोंडाला रुमाल बांधून. मावशीच्या पिशवीत दोन लुगडी होती आणि तो डबा होता. आठ दिवस तिने तो उघडला नाही. कुणाचे डोके दुखले तरी नाही, कुणाला ढेकर आला नाही तरी नाही. मोठे दुखणे दारात उभे असताना लहान दुखण्यांचे लाड करायचे नसतात, एवढे तारतम्य तिला कुणी शिकवावे लागले नव्हते. पुढे शहर सावरले ते बाटल्यांनी नव्हे. १९९५मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी झाडू, गटारे आणि शिस्त यांच्या जोरावर सुरतेचे रूप पालटले. मावशी परत गेली, घर धुऊन काढले, आणि कळवले की काकांना पुन्हा गॅस होऊ लागला आहे. त्या बातमीने आमच्या घरात झालेला आनंद मला अजून आठवतो. गॅस होण्याइतके सगळे सुरळीत झाले होते.

आता मावशी ऐंशीच्या पुढे आहे. तिला रक्तदाब आहे, साखर आहे, आणि सोनामुखीचे चूर्ण रोज घेतल्याने आतडी आळशी होतात असे डॉक्टरांनी बजावल्यापासून डब्यातला तो एक कोपरा रिकामा आहे. फडताळात पत्र्याच्या डब्याशेजारी प्लॅस्टिकची एक चपटी पेटी आली आहे, आठवड्याच्या वारांचे सात कप्पे असलेली. त्या गोळ्या गुणी आहेत, त्यांच्यामुळेच ती आज चालती-बोलती आहे, हे मला मान्य आहे. पण परवा ती त्या पेटीकडे पाहून म्हणाली, “ह्या गोळ्यांचं एक वाईट आहे बघ. कुणाला देता येत नाहीत.” खरेच आहे. रक्तदाबाची गोळी कुणी पाहुण्यापुढे धरून ‘घ्या ना, एकच घ्या’ म्हणत नाही. खरे औषध ज्याचे त्याला घ्यावे लागते. तिथे आग्रह चालत नाही, वाटणी चालत नाही, ‘मोठी चिमूट’ चालत नाही. डॉक्टरांनी तिची साखर आटोक्यात आणली आणि नकळत तिची डॉक्टरकी काढून घेतली. मग माझ्या ध्यानात आले की तिचे चूर्ण पोटासाठी कधी नव्हतेच. ते वाढण्याचे शेवटचे पात्र होते. ताटात घालायचे संपले तरी हात मात्र थांबायला तयार नसे, अशा वेळी तळहातावर घालायला काहीतरी हवे म्हणून ते होते. लहान दुखण्यांना मरण नाही याचे कारण त्यांच्यावरचा इलाज आपल्याला दुसऱ्याला देता येतो, एवढेच असावे.

म्हणून सुरतेला जाणाऱ्यांना अनुभवाचा एक सल्ला देतो. लोचो खा, घारी खा, पोंकाचे दिवस असतील तर पोंक सोडू नका. पुरे म्हणायला लाजू नका, आणि ते कुणी ऐकेल अशी आशाही करू नका. जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसा आणि स्वतःहून काहीही मागू नका. थोड्या वेळात घरातली वडीलधारी बाई डबा घेऊन येईल आणि तुमच्यापुढे चिमूट धरेल. तिथे अनेक जण घाईने हात पुढे करतात. ते बरे नव्हे, त्याने तिच्या आनंदातला अर्धा वाटा बुडतो. घारीला जसे म्हणालात तसेच चूर्णालाही आधी ‘नको’ म्हणा. ती पुन्हा म्हणेल. पुन्हा ‘नको’ म्हणा. तिसऱ्यांदा मात्र घ्या, आणि पोट दुखत नसले तरी घ्या.